यॅशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन: शटर वाजलं म्हणजे कॅमेरा चालू, असं नाही

मुंबईचा चोरबाजार असो की पुण्याचा जुना बाजार, यॅशिका कंपनीचा हा जुना, फिल्मवर चालणारा कॅमेरा उचलून बघितला की विक्रेता एक गोष्ट हमखास करून दाखवतो. फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढतो, बटण दाबतो, 'टिक' असा बारीक आवाज येतो आणि तो म्हणतो, "बघा साहेब, चालू आहे." इलेक्ट्रो ३५ च्या बाबतीत या प्रात्यक्षिकाला काडीची किंमत नाही. सेल नसला, सर्किट गेलेलं असलं, आतली तार गंजून तुटलेली असली, तरी याचं शटर वाजतंच. वीज मिळाली नाही की ते प्रत्येक वेळी १/५०० सेकंदावर उघडतं आणि मिटतं. म्हणून मेलेला नगही जिवंतासारखा वाजतो. विक्रेता दर वेळी फसवतोच असं नाही, पुष्कळदा त्यालाही हे ठाऊक नसतं.

कॅमेरा चांगला असला तर फार चांगला आहे आणि बिघडलेला असला तर जवळजवळ शोभेची वस्तू आहे. मधली अवस्था याला फारशी नाही. त्यामुळे या परीक्षणाचा निम्मा भाग तपासणीचा आहे.

आधी ओळख. इलेक्ट्रो ३५ ही मालिका यॅशिकाने १९६६ मध्ये सुरू केली. पुढे जी, जीटी, जीएस अशी रूपं येत गेली आणि १९७३ मध्ये जीएसएन आला. 'जी' म्हणजे गोल्ड, आतल्या विद्युत संपर्कांवरचा सोन्याचा मुलामा. जीएसएन चंदेरी आणि त्याचंच काळं भावंड जीटीएन. आत काहीही फरक नाही, तरी काळ्याला जास्त पैसे मागतात. जीएस आणि जीएसएन यांच्यात उपयोगाचा फरक एकच: जीएसएनच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खोबणीत विद्युत संपर्क आहे, जीएसला बाजूच्या सॉकेटमध्ये वायर खुपसावी लागते. फ्लॅश वापरणार नसाल तर जीएस स्वस्तात मिळाला तर खुशाल घ्या.

भिंग कलर-यॅशिनॉन डीएक्स, ४५ मिमी, एफ/१.७, चार गटांत सहा काचा. शटर कोपालचं, भिंगाच्या आतच बसवलेलं, ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत. यात ठरावीक पायऱ्या नाहीत. सर्किटला १/१७३ हवं असेल तर ते १/१७३ देईल. सर्वांत जवळचं फोकस ०.८ मीटर. फिल्टरचे आटे ५५ मिमीचे. वजन सुमारे पाऊण किलो, म्हणजे गळ्यात अडकवून दिवसभर हिंडल्यावर मान बोलायला लागते. खिशात मावण्याचा प्रश्नच नाही.

वापरायची रीत इतकी सोपी की मॅन्युअलची गरज पडू नये. तुम्ही फक्त अ‍ॅपर्चर (भिंगातल्या छिद्राचा आकार; एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं) ठरवायचं, वेळ कॅमेरा ठरवतो. बटण हलकं दाबलं की दोनपैकी एखादा दिवा लागतो किंवा एकही लागत नाही. पिवळा लागला तर वेळ १/३० पेक्षा लांबणार आहे, हात हलेल. लाल लागला तर १/५०० लाही प्रकाश जास्त होतोय. एकही नाही लागला तर दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये हेच दिवे बाणांच्या रूपात दिसतात आणि अ‍ॅपर्चरची कडी कुठल्या दिशेला फिरवायची ते दाखवतात. नेमका किती वेग मिळणार हे मात्र कुठेच दिसत नाही. आकड्यांवर जगणाऱ्यांना याचा राग येतो. तो राग रास्त आहे, पण आठवडाभरात ओसरतो.

आता सेल. मूळ सेल पाऱ्याचा, ५.६ व्होल्टचा, पीएक्स३२ नावाचा, १७ मिमी जाड आणि साधारण ४४.५ मिमी लांब. पाऱ्याचे सेल बंद झाले, तेव्हा तो विसरा. त्याच्या जागी ४एलआर४४ चालतो, त्याचंच दुसरं नाव पीएक्स२८ए. हा ६ व्होल्टचा, १३ मिमी जाड आणि २५ मिमी लांब. म्हणजे जाडीत ४ मिमी आणि लांबीत जवळपास २० मिमी जागा उरते. तयार अडॅप्टर मिळतो, नाहीतर घरी करा: सेलभोवती जाड कागदाची पट्टी गुंडाळून तो खोबणीत घट्ट बसेल इतका जाड करा आणि उरलेल्या लांबीत बॉलपेनातली स्प्रिंग नको, टॉर्चमधली जाड स्प्रिंग टाका. बॉलपेनाची स्प्रिंग बारीक असते, वाकडी होऊन बाजूला टेकते आणि संपर्क तुटत राहतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळाही चालतो, पण तो दाबला जाऊन महिन्याभरात सैल पडतो आणि मग दिवा कधी लागतो कधी नाही असला छळवाद सुरू होतो. अधिक-उणे कुठल्या बाजूला ते खोबणीतल्या खुणेवरून बघा, अंदाजाने नको.

५.६ ऐवजी ६ व्होल्ट दिल्याने प्रकाशमापन बिघडतं का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. व्यवहारात फरक जाणवत नाही. याचं सर्किट एवढा व्होल्टेजचा फरक पचवतं आणि जे काही उरेल ते निगेटिव्ह फिल्म सहज झाकून घेते. १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बटण सेलवर चालणाऱ्या इतर जुन्या कॅमेऱ्यांपेक्षा इथे डोकेदुखी खरंच कमी आहे.

खरेदीला जाताना खिशात अडॅप्टरसकट नवा सेल, छोटा टॉर्च आणि एक नाणं असू द्या. नाणं खालचं सेलचं झाकण उघडायला. झाकणच फिरत नसेल तर आत सेल फुटून गंज धरलेला असणार, तिथेच थांबायचं. झाकण उघडलं आणि आत थोडी पांढरी-हिरवट पूड दिसली तर घाबरू नका. इअरबडवर व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन पुसलं आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडं केलं की संपर्क पुन्हा चमकतात. अवघड गोष्ट दिसत नाही ती: खोबणीतून वर सर्किटकडे जाणारी तार. सेलचा क्षार तारेच्या आवरणाखालून आत झिरपतो आणि सोल्डर केलेल्या जागी तार कुजते. बाहेरून सगळं लखलखीत आणि तरी दिवा लागत नाही, याचं नेहमीचं कारण हेच. एवढाच बिघाड असेल तर दुरुस्ती स्वस्त आहे, तार बदलायची. पण एवढाच आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून भाव बंद कॅमेऱ्याचाच द्या.

सेल घालून मागचं तपासणीचं बटण दाबा. फ्रेम मोजणाऱ्या काउंटरची खिडकी उजळली पाहिजे. मिणमिणती उजळली तर आधी संपर्क पुसून पुन्हा बघा.

आता या कॅमेऱ्याचं खरं मर्म. लिव्हर ओढताना आतून एक जाड 'खट्ट' ऐकू यायला हवं. शटरच्या 'टिक'शी याचा संबंध नाही, हा आवाज ठसठशीत आणि बोटांनाही जाणवणारा असतो. यंत्रणेत एक सरकणारा दांडा आहे, तो जागेवर परत येऊन आदळतो त्याचा हा आवाज. दांड्याच्या वाटेत रबराचा एक बारीकसा तुकडा बसवलेला आहे. चाळीस-पन्नास वर्षांत हे रबर भुसभुशीत होतं, झिजतं, कधी डांबरासारखं चिकट होऊन बसतं. मग दांडा पूर्ण परत येत नाही आणि विजेचे संपर्क जुळायच्या वेळी जुळत नाहीत, सुटायच्या वेळी सुटत नाहीत. परिणाम दिसतो तो असा: दिवे वेड्यासारखे वागतात आणि रोल धुऊन आला की एकूणएक फोटो जास्त उजळ. हौशी मंडळींनी या रबराला 'मृत्यूची गादी' असं नाव दिलंय, ते थोडं नाटकी असलं तरी चुकीचं नाही.

'खट्ट' नाही म्हणजे कॅमेरा घ्यायचाच नाही असं नव्हे. नवं रबर कापून बसवता येतं. पण तिथवर पोचायला वरचं आवरण काढून बरंच आत शिरावं लागतं, बारीक तारा असतात, आणि पहिल्यांदाच पेचकस हातात घेणाऱ्याने हे काम करू नये. ओळखीचा कारागीर असेल तर त्याची मजुरी आधी विचारा आणि ती किमतीतून वजा करा. 'खट्ट' क्षीण असेल, कधी येतो कधी नाही असं असेल, तर ते रबर शेवटच्या घटका मोजतंय असं समजा.

दिव्यांची तपासणी दोन मिनिटांची. वेगाची कडी 'ऑटो'वर ठेवा. व्ह्यूफाइंडरशेजारच्या गोल खिडकीत प्रकाश मोजणारा सेल आहे, त्यावर बोट ठेवून बटण हलकं दाबा: पिवळा लागला पाहिजे. मग एएसए (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) १०००, एफ/१.७ करून कॅमेरा उजेडाकडे धरा: लाल लागला पाहिजे. इथे एक खोच आहे. हा सेल कॅडमियम सल्फाइडचा असतो आणि त्याला तीव्र उजेडाची आठवण काही काळ राहते. उन्हातून एकदम अंधाऱ्या दुकानात आणलेल्या कॅमेऱ्याने पहिल्या काही सेकंदांत चुकीचं माप दिलं तर तो बिघाड नाही. थोडं थांबून पुन्हा बघा.

दोन्ही दिवे लागले म्हणजे मापन बरोबर आहे असं अजून सिद्ध होत नाही, फक्त वीज पोचतेय एवढं कळतं. पुढची कसोटी घड्याळाची, आणि हीच सगळ्यांत विश्वासाची. कॅमेरा टेबलावर भिंतीकडे तोंड करून ठेवा, हलवू नका. खोलीत नेहमीचा रात्रीचा दिवा असू द्या. एएसए १००, एफ/१६ लावा आणि बटण दाबून धरा. शटर उघडल्याचा एक 'टिक' येईल, मिटल्याचा दुसरा. दोहोंमधला वेळ मोबाइलवर मोजा. घरच्या साधारण उजेडात ६ ते १० सेकंद यायला हवेत. समजा ८ आले. आता फक्त एएसए ४०० करा, २ सेकंदांच्या आसपास यायला हवं. पुन्हा एएसए १०० करून अ‍ॅपर्चर एफ/८ करा, तरीही २ सेकंदच. एफ/४ ला अर्धा सेकंद. हे प्रमाण जुळलं तर सर्किट, अ‍ॅपर्चरची जोडणी आणि एएसएची जोडणी तिन्ही ठीक. एएसए बदलूनही वेळ तेवढाच राहिला तर आतली फिरती पट्टी मळलीय किंवा तिचा संपर्क सुटलाय. प्रत्येक वेळी झटकन 'टिक' वाजून संपलं तर कॅमेरा १/५०० वर अडकलाय, म्हणजे विजेविनाच चाललाय.

मोबाइलच्या स्लो-मोशनचाही उपयोग होतो. कडी फ्लॅशच्या खुणेवर ठेवली की वेग १/३० ठरलेला असतो. मागचं दार उघडून भिंगातून उजेड येऊ द्या आणि २४० फ्रेमच्या वेगाने चित्रण करा. शटर साधारण ८ फ्रेम उघडं दिसायला हवं. सात-नऊ चालतील. पंधरा दिसले तर पाती जड झालीत. याहून जलद वेग मोबाइलने मोजण्याचा अट्टहास करू नका, १/५०० ला तर मोजायला एक फ्रेमही धड हाती लागत नाही.

भिंगाकडे वळू. कडी 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं), अ‍ॅपर्चर एफ/१.७, मागचं दार उघडं, बटण दाबून धरलेलं, आणि समोरून तिरपा टॉर्च. धुळीचे चार कण दिसतील, दिसू द्या, फोटोत त्यांचा काही फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. काचेवर सगळीकडे सारखी दुधाळ झाक दिसली तर वंगणाची वाफ बसलीय, समोरून उजेड आला की फोटो धुवट येतील. पातींवर तेलाची चकाकी आहे का तेही याच वेळी बघा. पाती कोरडी आणि मॅट दिसली पाहिजेत.

कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात हा बुरशीचा मुद्दा बाकी सगळ्यांइतकाच मोठा आहे. चार महिने हवेत एवढं पाणी असतं की कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्यावर बुरशी धरणं ही नुसती शक्यता राहत नाही, फक्त वेळेचा प्रश्न उरतो. त्यात या कॅमेऱ्यासोबत तपकिरी चामड्याचं केस मिळतं आणि माणसं कौतुकाने त्यातच कॅमेरा ठेवतात. चामडं ओल धरून ठेवतं. केस वेगळं ठेवा, कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, आणि जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरा. आर्द्रता दाखवणारा छोटा मापक डब्यात टाकला तर ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. फार कोरडं करणंही बरं नाही, वंगण सुकतं. सोलापूर-नागपूरकडच्या नगांमध्ये बुरशी कमी आणि आतली धूळ जास्त, असा साधारण अंदाज धरून बघायला हरकत नाही.

रेंजफाइंडर. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध पिवळसर ठिपका असतो, त्यात दुहेरी प्रतिमा दिसते, ती एक झाली की फोकस झालं. भिंग अनंतावर फिरवून लांबचा मनोरा किंवा चंद्र बघा. दोन चंद्र दिसले तर जुळणी बिघडलीय. आडवी चूक आणि उभी चूक यांत फरक करा. आडव्या चुकीने फोटो अस्पष्ट येतील, उभी चूक फक्त डोळ्याला त्रास देते. दोन्ही दुरुस्त होतात, पण वरचं आवरण काढावं लागतं. आवरण काढलंच तर आतला तिरपा अर्धपारदर्शक आरसा पुसायचा मोह आवरा. त्यावरचा लेप इतका नाजूक असतो की इअरबडने पुसताच निघून येतो आणि ठिपका कायमचा जातो. चष्म्याच्या काचेसारखा तो स्वच्छ करायला जाऊन चांगले कॅमेरे बाद झालेत.

अनंत जुळतंय म्हणजे जवळचंही जुळेल असं नाही. घरी आल्यावर दार उघडून फिल्म जिथे बसते त्या दोन रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, 'बी'वर शटर उघडं धरा, एक मीटरवरच्या वर्तमानपत्रावर रेंजफाइंडरने फोकस करा आणि ट्रेसिंगवरची अक्षरं हातातल्या, मोठं दाखवणाऱ्या भिंगातून वाचा. अंतर फिल्मच्या पातळीपासून मोजायचं, भिंगाच्या टोकापासून नाही. एफ/१.७ वर एक मीटरला स्पष्टतेची खोली जेमतेम ५ सेंटिमीटर आहे, त्यामुळे थोडी चूकही इथे लगेच उघडी पडते.

मागच्या दाराच्या खाचेतला फोम बदलावाच लागणार, हे गृहीत धरा. जुना फोम काळ्या चिकट काकवीसारखा झालेला असतो. लाकडी टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो थोडा थोडा काढा, कॅमेरा उलटा धरून, म्हणजे कचरा शटरकडे पडणार नाही. धातूचं टोक वापरलं तर खाचेतला काळा रंग खरवडला जातो आणि तिथून उजेड परावर्तित होतो. लांब खाचांसाठी काळ्या लोकरीचा धागा पुरतो, बिजागरीच्या बाजूला मात्र फोमची पट्टीच लावा. लोकर भरताना धागा ताणू नका, ताणलेला धागा मागाहून आखडतो आणि कोपरे उघडे पडतात. खर्च नगण्य, वेळ तासभर.

पहिला रोल हा तपासणीचा रोल समजा, सहलीचा नाही. कोडॅक गोल्ड २०० किंवा कलरप्लस २०० पुरे. महागडी फिल्म इथे वाया घालवू नका. रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची कळ फिरतेय ना ते बघा. ती फिरली नाही तर फिल्म अडकलेलीच नाही आणि तुम्ही छत्तीस फोटो हवेत काढणार आहात. मग वहीत नोंद ठेवत फ्रेम काढा. भर उन्हात एफ/१६ आणि एफ/११ वर एकेक. तेच दृश्य सावलीत एफ/५.६ वर. घरात रात्री एफ/१.७ वर. ट्रायपॉडवर दोन-तीन सेकंदांची एक फ्रेम. टेबलावर तिरप्या ओळीत मांडलेली सहा पुस्तकं, तिसऱ्यावर फोकस, एफ/१.७. समोरून सूर्य येईल अशी एक. टोपण लावून, कॅमेरा उन्हात पाच मिनिटं ठेवून मग पुढे सरकवलेली एक कोरी फ्रेम, गळती शोधण्यासाठी.

रोल धुवायला देताना स्कॅनसोबत निगेटिव्ह परत मागा, आणि निर्णय निगेटिव्ह बघून घ्या. स्कॅनर उजेड-अंधार स्वतःच सारखा करतो, त्यामुळे दोन स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चूकही मोबाइलच्या पडद्यावर ठाकठीक दिसते. निगेटिव्ह मात्र खोटं बोलत नाही. कडेला कंपनीने छापलेली फिल्मची अक्षरं ठळक आणि फ्रेम मात्र फिकट, तर लॅबचं काम ठीक आहे, कॅमेऱ्याने उजेड कमी दिलाय. अक्षरंच फिकट असतील तर आधी लॅबकडे बोट करा. सगळ्या फ्रेम काळ्या दाट, तर वर सांगितलेलं रबर आठवा. फक्त उन्हातल्या फ्रेम दाट आणि बाकी बरोबर, तर शटरची पाती जलद वेगाला मिटायला उशीर करतायत. फ्रेममधलं अंतर कमी-जास्त होऊन एकमेकींवर चढत असेल तर ओढण्याची यंत्रणा घसरतेय. नारिंगी-लाल पट्टे दिसले तर दाराची गळती. चित्र फिल्मवर उलटं पडतं, तेव्हा फोटोत वर दिसणारा पट्टा कॅमेऱ्यात खाली शोधा.

हे सगळं पार पडलेला नग कसले फोटो देतो? एफ/१.७ वर मध्यभाग स्पष्ट, कोपरे मऊ, पार्श्वभूमी शांतपणे विरघळते. माणसांच्या जवळच्या फोटोंना हे साजतं. एफ/४ पासून पुढे काटेकोर, एफ/८ ला कोपऱ्यांतही तक्रारीला जागा नाही. ५५ मिमीचा हूड लावाच, समोरच्या उजेडाला हे भिंग भाबडं आहे. शटरचा आवाज इतका बारीक की मैफिलीत किंवा लग्नाच्या विधींमध्ये कुणाचं लक्ष जात नाही. नंतर लिव्हर ओढताना तो 'खट्ट' मात्र तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो. थांबून, टाळ्यांमध्ये ओढावा.

घरातल्या दिव्यात ४०० ची फिल्म आणि एफ/१.७ लावलं तर वेग १/४० च्या आसपास येतो, पिवळा दिवा विझतो, हातात धरून फोटो निघतो. पिवळा लागला तरी फोटो अडत नाही, तो नुसता इशारा आहे. ट्रायपॉडवर ठेवून दिलं तर कॅमेरा ३० सेकंदांपर्यंत स्वतः मोजून उघडा राहतो. रात्रीचे रस्ते, देवळातली समईच्या उजेडातली मूर्ती, पावसातली दुकानं, यासाठी याच वर्गातले इतर कॅमेरे याच्या जवळ येत नाहीत. एक गोष्ट मात्र सर्किटला कळत नाही: लांब एक्सपोजरमध्ये फिल्म मंद होते. इलफर्ड एचपी५ प्लसला मोजलेले १० सेकंद प्रत्यक्षात २० द्यावे लागतात. उपाय सोपा, अशा वेळी एएसए ४०० ऐवजी २०० लावा, कॅमेरा वेळ आपोआप दुप्पट करेल.

दिवसा मात्र हा अडचणीत येतो. आपल्याकडच्या कडक उन्हात ४०० ची फिल्म घातली तर एफ/१६ लाच १/४०० होतं, एफ/११ ला लाल दिवा. म्हणजे अ‍ॅपर्चर निवडायचा कॅमेरा, आणि निवड शून्य. २०० ला एफ/११ पर्यंत मोकळीक, १०० ला एफ/८ पर्यंत. उन्हाळ्यात बाहेर जाताना १०० किंवा २०० चीच फिल्म भरा. एनडी फिल्टरने (उजेड कमी करणारी राखाडी काच) सुटका होते, पण प्रकाशमापक भिंगात नसून बाहेर आहे, त्याला फिल्टरचा पत्ता नसतो. दोन स्टॉपचा एनडी लावला तर ४०० च्या फिल्मला एएसए १०० लावायचं, एक स्टॉपच्या पिवळ्या फिल्टरला २००. फिल्टर काढल्यावर आकडा परत न्यायला विसरणं ही या कॅमेऱ्यावरची सर्वांत जास्त होणारी चूक. टोपण भिंगावर राहिलं तरीही मापक बाहेर असल्याने दिवे अगदी व्यवस्थित लागतात, हेही लक्षात असू द्या.

आणि मोठी उणीव: हातचं नियंत्रण नाही. फ्लॅशचा १/३० आणि 'बी' सोडले तर वेग स्वतः ठरवता येत नाही, अर्धं बटण दाबून माप धरून ठेवता येत नाही, एक्सपोजर कमी-जास्त करायची वेगळी कडी नाही. खिडकीसमोर उभ्या माणसाचा चेहरा काळा पडणार असेल तर एएसए ४०० चं १०० करून दोन स्टॉप जास्त द्यायचे, हाच एक मार्ग. फोटोग्राफी शिकण्यासाठी म्हणून कुणी हा घेत असेल तर त्याऐवजी पेंटॅक्स के१००० सारखा पूर्ण यांत्रिक कॅमेरा घ्यावा.

कॅननेट क्यूएल१७ जीथ्री याच्याशी तुलना नेहमी होते. कॅननेट लहान, हलका, ४० मिमी एफ/१.७, वेग तुम्ही निवडायचा आणि सेल नसतानाही पूर्ण हाताने चालणारा. पण त्याचा सर्वांत मंद वेग १/४ सेकंद, तिथेच रात्रीचा खेळ संपतो. शिवाय त्याला १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलचा प्रश्न आहेच. बहुतेक फोटो दिवसा, प्रवासात काढणार असाल तर कॅननेट. संध्याकाळनंतरचे असतील तर इलेक्ट्रो, यात दुमत व्हायचं कारण नाही. ऑलिंपस ट्रिप ३५ ला सेलच लागत नाही, पण त्यात रेंजफाइंडर नाही, अंतर अंदाजाने. तो वेगळ्याच स्वभावाचा कॅमेरा आहे.

सोबत कधी कधी यॅशिकोरची दोन जोडभिंगं आणि वेगळा व्ह्यूफाइंडर असा संच देऊ करतात. टेली लावल्यावर ४५ चे साधारण ५८ मिमी होतात आणि वाइड लावल्यावर ३८. एवढ्या फरकासाठी दोन पावलं पुढे-मागे चाललेलं बरं. संचासाठी वेगळे पैसे देऊ नका.

घासाघीस करताना कशावर किती ताणायचं तेही सांगून टाकू. फोम कुजलेला, चामडं सोललेलं, व्ह्यूफाइंडर धुरकट, सेलच्या खोबणीत थोडी पूड: हे सगळं दाखवून भाव पाडा आणि घ्या. रेंजफाइंडर बिघडलेला, 'खट्ट' गायब: कारागिराची मजुरी वजा होत असेल तरच. काउंटरचा दिवा लागतच नाही, घड्याळाच्या कसोटीला वेळ बदलतच नाही, किंवा मधल्या काचांवर बुरशीचं जाळं: कितीही स्वस्त असला तरी खाली ठेवा. यॅशिका १९८३ मध्येच क्योसेरात विलीन झाली आणि क्योसेरानेही २००५ च्या सुमारास कॅमेऱ्यांचा धंदा गुंडाळला, त्यामुळे सुटे भाग फक्त दुसऱ्या मेलेल्या इलेक्ट्रोतूनच मिळतात. तेवढ्यासाठी एक बंद नग रद्दीच्या भावात मिळाला तर मात्र उचलून ठेवा, त्यातलं वरचं आवरण, सेलचं झाकण आणि व्ह्यूफाइंडरची काच कधी ना कधी लागते. सेलचं झाकण तर नक्कीच.